शिबिरात धुतलेले लेंगे

गेल्या सोमवारी सकाळी आमच्या कॉलेजचे शिपाई गेले. मंगळवारी घंटा मी दिली.

त्यांना आम्ही सारे काकाच म्हणायचो. तुमच्याही शाळेत असे एखादे काका असतील. कुठलीही अडचण सांगितली की हातातले काम न थांबवता म्हणायचे, "कावून घाबरता? मी हावो ना."

बारा वर्षांपूर्वी सेमाडोहच्या पुढे जंगलातल्या एका वस्तीजवळ आमचे हिवाळी शिबिर होते. दर्यापूरहून नेलेली चाळीस मुले, मी आणि काका. नळ नाही, वीज नाही, फक्त नदी. पहिल्याच दिवशी मुले साबण घेऊन पाण्यात उतरली तसे काका काठावरून ओरडले, "निंगा बाहीर! खाली वस्तीतले लोक हेच पानी पेतेत." मग त्यांनी रीत दाखवली. बादलीने पाणी काढायचे, पन्नास पावले दूर खडकावर कपडे धुवायचे, साबणाचे पाणी मातीत जिरू द्यायचे. पिण्यासाठी त्यांनी काठच्या वाळूत हातभर खोल झिरा खणला. त्यात पाझरून आलेलेच पाणी प्यायचे, नदीचे नाही.

मी पुस्तकातला माणूस. वाहते पाणी निर्मळ असते, असे मुलांसमोर त्यांना ऐकवले आणि ओंजळीने नदीचे पाणी प्यालो.

काका हसले. "सर, वर म्हशी बसल्या हायेत."

एकदा बोलून बसलो म्हणून रोज तेच पाणी पीत राहिलो.

चौथ्या दिवशी सकाळी मुले श्रमदानाला गेली होती आणि मला तंबूबाहेर पडायलाही वेळ मिळाला नाही. अंगावरचा लेंगा खराब झाला, बदललेला दुसराही झाला. ज्या मुलांना मी वर्गात नुसत्या नजरेने गप्प करायचो, ती तासाभरात परतणार होती. तंबूच्या तोंडाशी काका उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

"कावून घाबरता, सर? मी हावो ना."

त्यांनी स्वतःचा कोरडा लेंगा मला दिला. माझे कपडे खडकावर नेऊन हाताने धुतले. मग मोठ्या पितळी गंजात पाणी तापवले, चुलीतली राख फडक्यात बांधून त्यात सोडली आणि कपडे उकळायला टाकले. शिबिरात आम्ही दोघेही पांढरे लेंगेच घालत होतो. मुले परतली तेव्हा काका ते पिळत होते.

"काका, आज भट्टी काहून लावली?"

"माह्यं पोट बिघडलं न बाप्पा! तुमच्या हातचं वरन खाल्लं, अजून काय होईन?"

"अन् सर कुठी हायेत?"

"त्यायले ताप हाये. जाऊ नोका तिकडे."

पुढचे सहा दिवस मुलांनी त्यांना सोडले नाही. "काका, पयला नंबर तुमचा!" असे ओरडून हातात टमरेल द्यायची. काका ते घेऊन खरेच झाडीकडे चालू लागायचे. मी तंबूत पडून ऐकायचो. झिऱ्याचे पाणी तांब्यात भरून ते माझ्या उशाशी ठेवायचे. म्हशींचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

मी खरे कधी सांगितले नाही. आधी लाज वाटली, मग फार उशीर झाला असे वाटले.

परवा कॉलेजात शोकसभा झाली. त्या शिबिरातला एक विद्यार्थी अकोल्याहून आला होता. त्याने त्या भट्टीचा आणि टमरेलाचा किस्सा सांगितला. सगळे डोळे पुसत हसले. काकूही हसल्या. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "ते कपडे माझे होते."

हसणे थांबले. काकू माझ्याकडे वळल्या.

"पोरायनं घरी येऊन मले सांगतलं होतं, काकाचं पोट बिघडलं म्हनून," त्या म्हणाल्या. "मी त्यायले आठ दिवस नुसता ताक-भात देल्ला, सर. त्यायनं मुकाट खाल्ला."

मग त्या पुन्हा हसू लागल्या आणि हसता हसता रडल्या.

काकांचे आभार मानायचे राहून गेले. मानायला आता काकू तेवढ्या उरल्या आहेत.