पहिल्या दोन नळ्या

माझे आबा, अभिमन पाटील, धुळ्याकडून येऊन दीपनगरच्या वीजकेंद्रात लागले. काचेच्या नळीत धुराड्याचा धूर ओढायचा आणि त्यात कोणता वायू किती ते लिहायचं, हे त्यांचं काम. पहिल्या दोन नळ्या ते सोडून द्यायचे. "नळीमा आधीचीच हवा शे," म्हणायचे. बरोबरचे चहा पिऊन आले तरी आबांचं चालूच. अठ्ठावीस वर्षं! मला भयंकर राग यायचा. आई, झुंबरबाई, ताट वाढून ताटकळायची आणि जेवण गार व्हायचं.

आणि नशीब बघा, मीही त्याच धंद्यात पडले. दुसऱ्या ग्रहाची हवा तपासणारं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत बनत होतं. परदेशी यानावर जायचं होतं. सहा वर्षं घातली मी त्यात. असं यंत्र आधी तीन दिवस तापवावं लागतं, म्हणजे त्याच्या भिंतींत मुरलेली इथली वाफ निघून जाते. नाहीतर तिथे जाऊन ते आपलीच वाफ मोजणार. साहेबांनी घाईत एका दिवसात उरकलं. अहवालात मात्र तीन दिवस लिहिले, आणि खाली सही माझी हवी होती.

त्र्याण्णवच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो कागद घेऊनच मी माहेरी आले. पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. मला त्यांच्यात बसवेना, जीव नुसता शिणून गेला होता. आबांना सगळं सांगितलं. पुन्हा तापवायला आता वेळ नाही, सही केली नाही तर यंत्र यानावरून उतरणार, हेही सांगितलं.

आबांनी कागद वाचून परत माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "मी काय सांगू माय? सही तुनी शे."

असा संताप आला! आयुष्यभर आम्हाला ताटकळत ठेवलं आणि आज हे मोकळे! कागद तसाच पिशवीत कोंबला. सही काही माझ्याच्याने झाली नाही.

यंत्र उतरवलं. यानाचा तोल बिघडू नये म्हणून त्या जागी तेवढ्याच वजनाचा धातूचा ठोकळा बसवला.

पुढच्या आखाजीला जेवायला बसताना मी आबांना हे सांगितलं.

"वजन कितलं?" त्यांनी विचारलं.

"चार किलो."

"कोनी तोललं?"

"मीच. तीनदा."

एवढं बोलले आणि मला रडूच कोसळलं. आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आई म्हणत होती, जेवा आता, गार होतंय. आम्ही दोघंही तसेच बसून राहिलो.