महमूदभायची फियाट बघू लागली

रोह्याजवळ वरसे गावात आमच्या शेजारी महमूदभाय राहतात. कुवेतला दुसऱ्यांच्या गाड्या चालवून हा माणूस घरी आला आणि तेव्हापासून स्वतःची गाडी न चालवता बसलाय. वडिलांची जुनी फियाट. त्या मॉडेलला बाजारात एका जनावराचं नाव आहे, ते महमूदभायच्या अंगणात घ्यायचं नाही. मी एकदा घेतलं. त्या ईदला आमच्याकडे शीरखुर्मा आला, पण काजू वेचून काढलेला.

गाडीचा स्क्रूसुद्धा बदललेला नाही. मुलगा आकिब दुबईहून फोनवर सांगून थकला, "अब्बा, एसी बसवू, नवं इंजिन टाकू, फिरू तरी."

"तू तुझी बिघडव. माझ्या अब्बांनी आणली तशीच ही राहणार."

पावसात ती गंजेल, उन्हात रंग उडेल, थंडीत हायवेची धूळ बसेल. म्हणून अधूनमधून इंजिन सुरू करायचं, पोर्चमधून फाटकापर्यंत न्यायची आणि तशीच मागे आणायची. त्यांची बायको हुस्नभाभी मला म्हणते, "वैनी, माझं माहेर पेणच्या अलीकडं. ह्या गाडीतनं मी फाटकापर्यंतच गेलेय."

महमूदभायला एकच ध्यास. मुंबईला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, त्यात काहीही न बदललेल्या गाड्यांची वेगळी रांग असते. त्या रांगेत अब्बांची गाडी उभी राहावी. गेल्या वर्षी ट्रकवर चढवून नेली, तर परीक्षकांनी परत पाठवली. दारांवरून जाणारी बारीक किरमिजी रेघ एका बाजूला पार झिजली होती. होती तशी करून आणा, म्हणाले. रोह्यातल्या एका गॅरेजवाल्यानं स्प्रेगन दाखवली, त्याच्याशी महमूदभाय अजून बोलत नाहीत.

मी गमतीत म्हटलं, "भाय, पेणला एवढे गणपती रंगवतात, त्यातला एक हात आणा की."

त्यांनी खरंच गोविंदाला बोलावलं. गोविंदा पेणच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखतो. सगळा रंग झाला की शेवटी डोळे, त्यानंतर मूर्तीला ब्रश लावायचा नाही. प्रदर्शन रविवारी आणि हा शुक्रवारी सकाळी पिशवी घेऊन हजर.

त्यानं दाराला हात लावून पाहिलं, श्वास धरला आणि पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत चालत गेला. ब्रश मधे कुठं उचललाच नाही. मी हुस्नभाभीला कुणाच्या तरी सुनेविषयी सांगत होते, ते तोंडातच राहिलं. महमूदभाय गाडीभोवती फिरले. जुनी रेघ कुठली, नवी कुठली, त्यांनाही सांगता येईना. डोळे पुसत ते जुम्म्याच्या नमाजाला गेले. आम्ही दोघी आत जेवणाचं बघायला गेलो.

ते परत आले तेव्हा फियाट त्यांच्याकडे बघत होती.

पुढच्या दोन्ही दिव्यांवर गोविंदानं पापण्या आखल्या होत्या. वर बारीक भुवया, कडेला जराशी ओढलेली रेघ. मी बाहेर आले आणि दारातच थबकले. डावीकडे सरकले, तिची नजर माझ्याबरोबर आली. उजवीकडे गेले, तिकडेही आली.

"हे काय केलंस?" महमूदभाय म्हणाले.

गोविंदा पांढराफटक. "भाय, काम संपलं की मी डोळेच काढतो. हात आपसूक गेला."

"पूस."

"आखलेले डोळे मला नाय पुसवणार. हे टर्पेंटाइन घ्या, तुम्ही पुसा. रंग ओला हाय तोवर माग राहायचा नाय. वाळला तर खालचा जुना रंग घेऊन निघंल."

महमूदभाय फडकं भिजवून गाडीसमोर उकिडवे बसले.

"पुसा," हुस्नभाभी म्हणाली. "परत फाटकापर्यंत जाऊन येऊ."

ते बसूनच राहिले. समोर ती बघतेय, इकडे हे बघतायत. देवळात गाभाऱ्याशी उभं राहिल्यावर होतं तसं मला झालं, आणि हे मी महमूदभायच्या पोर्चबद्दल लिहितेय. फडक्यातलं टर्पेंटाइन उडून गेलं. रंग सुकत गेला.

"डोळे झाल्यावर आमच्याकडं मूर्ती कारखान्यात ठेवत नाय," गोविंदा हळूच म्हणाला. "निघते ती."

महमूदभाय उठले. फडकं बादलीत टाकलं. "चल. तुला पेणला सोडतो."

नवऱ्याचं मन पालटायच्या आत हुस्नभाभी ओढणी घेऊन पुढच्या सीटवर. मला कुणी ये म्हटलं नव्हतं, मी मागे गोविंदाशेजारी बसले. फाटक मागे पडलं.

वडखळला ट्रॅफिक तुंबलेलं. हॉर्नवरचा हात न काढणारे ट्रकवाले, पण आमच्यासमोर आले की हॉर्न बंद. एक जण केबिनमधून वाकून बघत राहिला आणि ट्रक मागे घेऊन त्यानं आम्हाला वाट दिली.

रविवारी मुंबईच्या त्या रांगेत एक जागा रिकामी राहिली. महमूदभाय तेव्हा सासुरवाडीत जेवत होते. बाहेर मेव्हण्याची पोरं बॉनेटवर चढून बसली होती. हुस्नभाभीनं नवऱ्याला खिडकीतून ते दाखवलं, तर म्हणाले, "बसू दे. भाकरी वाढ."