पौर्णिमेचं सिझर

आमच्या धायरीच्या सोसायटीत बाळंत झालेल्या बाईला पहिला प्रश्न मुलगा की मुलगी हा नसतो. "नॉर्मल का सिझर?" हा असतो. सिझर म्हटलं की समोरची बाई "असू दे, असू दे" म्हणते, दहावीत नापास झालेल्या पोराला म्हणावं तसं. पहिल्या वेळी माझं सिझर झालं, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू माझा हात हातात घेऊन म्हणाल्या होत्या, "हल्लीच्या मुलींना कळा सोसायचा दमच नाही गं." मी एक अख्खा दिवस आणि त्याला लागून एक रात्र कळा सोसल्या होत्या. पण ते सांगायचं राहून गेलं, कारण तोवर काकूंनी डिंकाच्या लाडवांचा डबा पुढे केला होता, आणि लाडू चांगले होते.

माझं दुःख कापाकापीचं नव्हतंच. लेकीच्या वेळी बाळाचे ठोके मंदावले, मला घाईने टेबलावर घेतलं, पाठीतलं इंजेक्शन काही केल्या लागेना, शेवटी पूर्ण भूल दिली. मी शुद्धीवर आले तोवर लेक जन्मून चांगली जुनी झाली होती. सासूबाईंनी तिला पाहिलं होतं, सासऱ्यांनी पाहिलं होतं, नवऱ्याने फोटो काढून अमेरिकेतल्या साहेबाला पाठवला होता. हॉस्पिटलच्या लिफ्टवाल्या मामांनीही पेढा खाऊन "नाक आजोबांचं" असा निर्वाळा दिला होता. माझी पाळी आली तेव्हा नाकाचा विषय संपला होता. "ही बघा तुमची मुलगी," सिस्टर म्हणाल्या, लग्नात लांबच्या नातेवाइकाची ओळख करून द्यावी तसं. टाके केव्हाच बरे झाले. हे मात्र तीन वर्षं टोचत राहिलं.

म्हणून दुसऱ्या वेळी मी ठरवलं, नॉर्मलच. जागी राहीन, आणि बाळाला सगळ्यांच्या आधी मी बघेन.

डॉक्टरबाई पक्क्या पुण्याच्या; बोलतात कमी, आणि त्यातलंही काही वाया घालवत नाहीत. जुने रिपोर्ट पाहून म्हणाल्या, "प्रयत्न करता येईल. कळा आपणहून यायला हव्यात. जुन्या टाक्यांवर ताण दिसला की मी सिझर करणार. तेव्हा वाद घालायचा नाही." मी म्हटलं, नाही घालणार. नवरा आयटीत आहे. तो म्हणाला, "बॉडी तुझी, डिसिजन तुझं," आणि मीटिंग आहे म्हणून दुसऱ्या खोलीत गेला.

राहिले सासरे. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उमेदीची वर्षं खडकवासल्याला गेल्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न त्यांना धरणासारखाच दिसतो. "भिंतीला एकदा चीर गेली असेल तर तिथे पुन्हा दाब देत नाहीत," ते म्हणाले. "पातळी वाढली की दार उघडायचं आणि मोकळं व्हायचं. वाट बघत बसणं हे आळशाचं काम."

"बाबा, मी धरण नाही."

"तेच म्हणतोय. धरण असतीस तर दुरुस्तीला निदान एखादा विभाग असता."

आमचं घर बौद्ध. बाबांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात पंचांग नाही की मुहूर्त नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांनी गुरुजींना विचारून सुनेचं सिझर कुठल्याशा शुभ घटकेवर करून घेतलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस बाबा त्या आजोबांना लिफ्टमध्ये गाठून विचारत होते, "काय हो, नातू घड्याळ बांधूनच बाहेर आला का?" मला बाबांचा हा खवचटपणा आवडायचा. अजूनही आवडतो. त्यामुळे सातव्या महिन्यात एका सकाळी ते चष्मा कपाळावर सरकवून भिंतीवरच्या कॅलेंडरला नाक लावून उभे राहिले, तेव्हा मला संशयही आला नाही.

"डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आधी आठवडाभर बुद्धपौर्णिमा येतीय," ते म्हणाले.

"बरं मग?"

"मग काय? त्याच दिवशी सिझर करून टाकू."

"बाबा, हा मुहूर्त झाला."

"मुहूर्त ही अंधश्रद्धा," बाबा म्हणाले. "पौर्णिमा हे खगोलशास्त्र."

सासूबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं थांबवून विचार केला आणि "शोभेल हो घराला" असं मत देऊन टाकलं. म्हणजे दोन मतं झाली. माझं मत कोणी मागितलं नव्हतं, बहुधा पोट माझं असल्यामुळे मी तटस्थ नसेन असं वाटलं असावं.

पुढच्या तपासणीला बाबा स्वतः आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. डॉक्टरबाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, त्या दिवसासाठी आणखी दोघे येऊन गेलेत. एकांना गुरुजींनी सांगितलंय, दुसऱ्यांना कुणा महाराजांनी. तुमचा नंबर तिसरा."

"आमचं तसं नाही," बाबा म्हणाले.

"कोणाचंच तसं नसतं," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं.

गुरुजीवाल्यांच्या रांगेत उभं केल्याचा अपमान बाबांना फार लागला. परतताना रिक्षा सिंहगड रोडवर नेहमीसारखी अडकली आणि त्यांनी सगळा राग माझ्यावर काढला. "तू तरी कशाला हट्ट धरून बसलीयस? नॉर्मल झालं म्हणून कोणी पदक देणार आहे का?"

"पदक नकोय मला," मी ओरडलेच. "माझ्या मुलीला लिफ्टवाल्या मामांनी माझ्याआधी पाहिलं, बाबा. तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. पेढे वाटून झाले तरी मी तिला पाहिलं नव्हतं. या वेळी मला आधी बघायचंय. एवढंच."

मी रडत होते, आणि रडू येतंय याचाच जास्त राग येत होता. रिक्षावाल्याने आरसा उगीचच नीट केला. बाबा धायरी फाट्यापर्यंत शर्टाची इस्त्री हाताने सारखी करत बसले, आणि त्या रस्त्यावर ते अंतर काही थोडं नसतं.

त्यानंतर त्यांनी पौर्णिमेचं नाव काढलं नाही. पौर्णिमा आली. आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जाऊन आलो, सासूबाईंनी खीर केली, मी दोन वाट्या खाल्ली. बाळाने खगोलशास्त्राला काही दाद दिली नाही. पुढे डॉक्टरांची तारीखही उलटली, तशी सोसायटीतून औषधं यायला लागली. कोणी गरम दुधात तूप सांगितलं, कोणी जिने चढायला लावले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एरंडेलाची बाटली पाठवली. ती मी लाडवांच्या जुन्या डब्यात घालून परत केली.

मग एका मंगळवारी सकाळी दूध तापवताना कळा सुरू झाल्या. आपणहून. मला इतका आनंद झाला की दूध उतू जात होतं आणि मी नुसती बघत उभी होते.

दुपारपर्यंत सगळं नीट चाललं होतं. डॉक्टरबाई "छान" म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मग दोन कळांच्या मधेही जुन्या टाक्यांपाशी दुखायला लागलं, आणि ते दुखणं थांबेना. मशीनवरचे बाळाचे ठोके खाली घसरले. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आता वाद नाही."

"नाही," मी म्हटलं.

या वेळी पाठीतल्या इंजेक्शनलाही सवड नव्हती. तोंडावर मास्क आला तेव्हा मला बाळाची भीती वाटत होती. आणि त्या भीतीच्या खाली, लाज वाटावी इतका क्षुद्र, तोच जुना राग होता. पुन्हा सगळे बघणार, मी सोडून.

जाग आली ती सिस्टरांच्या कुरकुरीने. "तुमच्या घरचे काय विचित्र आहेत हो!"

"बाळ?" मी विचारलं.

"मुलगा. ठणठणीत आहे. पण कोणी बघेल तर शपथ! बाहेर दाखवायला नेला, तर तुमचे सासरे भिंतीकडे तोंड करून उभे. म्हणे, आधी आईला दाखवा. आजींना वळवलं, तुमच्या मिस्टरांना फोन खिशात ठेवायला लावला. लिफ्टवाले मामा आले बिचारे, त्यांनाही भिंतीकडे. एरवी लोक अंगावर पडतात हो बाळ बघायला. मी पेढे मागितले तर म्हणतात, तिने बघितल्यावर."

सासूबाईंनी बोटांच्या फटीतून पाहून घेतलं होतं, हे त्यांनी नामकरणानंतर कबूल केलं. पण त्या वेळी मला ते माहीत नव्हतं.

सिस्टरांनी त्याला माझ्या गालाशी ठेवलं. लालबुंद, सुरकुतलेला, जगावर वैतागलेला. त्याचं नाक कोणाचं, हे अजून कोणी ठरवलेलं नव्हतं. मी बघत राहिले. टाके ओढत होते आणि मला हसूही येत होतं आणि रडूही.

थोड्या वेळाने मी बाबांना आत बोलावलं. ते दारातच थांबले, नजर फरशीवर.

"बघितलंस?"

"हो बाबा. बघितलं."

"नीट बघ. घाई नाही," ते म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडे वळले.