बाबांच्या झाडासाठी घासलेला चाकू

कुठून सुरुवात करू तेच कळत नाही, कारण कुठूनही केली तरी शेवटी मूर्ख मीच ठरतो. तेव्हा आधीच सांगून टाकतो. एक चाकू गुळगुळीत करण्याच्या नादात मी माझ्या बाबांचं झाड संपवत आणलं होतं. आता चहा घ्या आणि ऐका.

मी पाच वर्षं कॅनडात होतो. माती, पाणी, जंगल असलं सगळं शिकलो. बाबा गेले तेव्हाही तिकडेच होतो. विमानं बदलत बदलत पोचलो तो तेराव्याला. मग परत गेलोच नाही. इथली माती सुधारायची, हवा सुधारायची, आणि सुरुवात म्हणून आईच्या स्वयंपाकघरातले प्लॅस्टिकचे डबे हटवायचे, असं ठरवलं. आई रामदासपेठेतल्या फ्लॅटमध्ये दिवसभर गप्प असायची. मी भाषण करायचो, ती ऐकून घ्यायची. डबे जागचे हलले नाहीत.

मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, पारशिवनीजवळच्या गावी शेती करतात. त्या शेतात विहिरीच्या कडेला एक संत्र्याचं झाड आहे. आहे म्हणजे होतं. बाबांनी नोकरी लागली त्या वर्षी स्वतःच्या हातानं लावलेलं, बस एवढं एकच. खरं सांगू का? फळं आंबट होती. पण बाबा दर हिवाळ्यात पिशवी भरून आणायचे आणि ऑफिसातल्या माणसांना समोर बसवून खायला लावायचे. त्यांच्या हाताखालच्या लोकांनी त्या झाडापायी काय काय सोसलं असेल, देव जाणे.

जानेवारीत मोठ्या बाबांचा फोन आला. झाडाला डिंक्या लागला होता. खोडातून डिंक वाहायला लागतो आणि झाड वरून वाळत येतं. एकच फांदी हिरवी उरली होती. ते म्हणाले, तिच्यावरचे डोळे काढून जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपांवर भरून घेऊ.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. संत्र्याच्या काडीवर पानाच्या बगलेत जो बारीक फुगीर कोंब असतो, तो डोळा. तो सालीसकट अलगद काढायचा, जंबेरीच्या कोवळ्या खोडाला चीर द्यायची, सालीखाली तो बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. जगला तर खाली मुळं जंबेरीची आणि वर झाड संत्र्याचं. म्हणजे बाबांचं झाड मेलं तरी तेच झाड पुन्हा उभं राहणार. निदान तशी आशा.

"तुह्या बापाचं झाड आहे, तूच भर," मोठे बाबा म्हणाले. "पण येशीन त्या दिवशी डोक्याले तेल लावू नको. डोळ्याले तेल लागलं का तो चिकटतच नाही."

त्यांच्याकडे ही पाळणूकच आहे. कलमाच्या दिवसांत घरातली गडीमाणसं कोरड्या डोक्यानं फिरतात. मला ते फार आवडलं. किती शास्त्रीय आहेत आपली माणसं, असं आईला मी सलग अर्धा तास सांगितलं.

आता चाकूकडे येऊ. मातीत काम करणाऱ्या माणसाकडे स्वतःचा चाकू हवा, म्हणून मी जंगलात वापरायचा एक दणकट चाकू मागवला होता. जाड पातं, त्यावर काळं कोटिंग. फोटोत फार रुबाबदार दिसत होता. हातात घेतला तर पातं पॉलिश पेपरसारखं खरखरीत. पेरू कापायला गेलो तर मध्येच अडकून बसलं. गॅलरीतल्या लिंबाच्या काडीवर चालवून पाहिलं तर साल कापली जाईना, फाटायला लागली. आणि फडक्यानं पुसलं तर फडक्यावर काळे कण.

झालं. माझ्यातला पर्यावरणवाला जागा झाला. हे कसलं तरी रसायन मी बाबांच्या झाडात घालू? शक्य नाही. कोटिंग काढायचंच.

मोठे बाबा दाढीच्या अर्ध्या ब्लेडनं डोळे भरतात, हे मला माहीत होतं. ते ब्लेड दोन मिनिटांत कोपऱ्यावर मिळालं असतं. पण सरळ रस्त्यानं जायला मी काय अडाणी आहे?

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्याला गेलो, हार्डवेअरच्या तीन दुकानांत फिरलो आणि पेंट रिमूव्हरचा डबा घेऊन आलो. त्यावर कवटीचं चित्र होतं. रसायन काढण्यासाठी मी बाजारातलं सगळ्यात जालीम रसायन घरात आणलं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. दुकानदारानं मात्र विचारलं होतं की नेमकं काय काढायचंय. मी म्हणालो, विष. त्यानं सुटे पैसे जरा लांबूनच ठेवले.

तीन दिवस मी गॅलरीत बसून ते पातं खरवडत होतो. रिमूव्हर, तारेची घासणी, पॉलिश पेपर, पुन्हा रिमूव्हर. दाढी वाढलेली, डोळे लाल, डोक्याला तेल नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी पहिल्या दिवशी पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आईला खाली गाठून विचारलं, की तुमचा मुलगा तिकडून आल्यापासून बरा आहे ना.

संध्याकाळी मला भाजी चिरायला सुरी सापडेना. दुसरीही सापडेना. विळीही नव्हती. आईनं त्या दिवशी नुसता वरणभात केला आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली. मला वाटलं, शेवटी माझं म्हणणं हिच्या मनाला भिडलं.

मग मोठ्या बाबांचा फोन आला. आवाज एकदम मऊ.

"बाबू, मनात काही आहे का गा?"

"आहे ना मोठे बाबा. कोटिंग."

मग म्हणाले, "तू इकडं ये. उद्याच्या उद्या ये."

रात्री मी चाकू धुऊन ठेवला. पातं आरशासारखं लखलखत होतं. सकाळी उठून पाहतो तर त्यावर तांबूस ठिपके. बाहेर धुकं होतं, आणि ते कोटिंग मुळात गंज लागू नये म्हणूनच दिलेलं होतं. खोक्यावर तसं छापलेलंही होतं. खोकं कोण वाचतं? मी गंज घासून काढला, आईच्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेतली, पात्याला छान हात दिला आणि निघालो. डोकं मात्र कोरडं ठणठणीत. पाळणूक म्हणजे पाळणूक.

झाड पाहिलं आणि सगळा उत्साह उतरला. विहिरीपाशी नुसता काळपट सांगाडा उभा होता, खोडावर डिंकाचे ओघळ. एका बाजूला तेवढी हिरवी फांदी. मोठ्या बाबांनी ती कापून आणली. तिच्यावर कामाचे डोळे निघाले अकरा. बस, अकरा. त्यानंतर त्या झाडाकडे मागायला काही उरलं नव्हतं.

त्यांनी खिशातून अर्धं ब्लेड काढलं आणि दोन डोळे भरून दाखवले. मग काडी माझ्या हातात दिली. माझा चाकू त्यांनी लांबून पाहिला. चकाकतो बाकी, एवढंच म्हणाले. मी त्यांना कोटिंग, रसायनं आणि जमिनीचं आरोग्य यावर माहिती दिली. ते वेळूची काडी दातात धरून ऐकत होते. मी नऊ डोळे भरले. चाकू लोण्यातून जावा तसा जात होता. का जाणार नाही? तेल पाजलं होतं ना.

जवळजवळ महिन्यानं पट्ट्या सोडायचा दिवस आला. तोवर मी गावीच मुक्काम ठोकून रोज रोपं बघत होतो, आणि माझ्या नऊपैकी एकाला हिरवागार कोंब फुटलेला दिसला. मी आईला फोन करून बोलावलं. ती फारशी घराबाहेर न पडणारी, पण तेवढ्यासाठी एसटीनं एकटी आली. मी तिला हात धरून रोपापाशी नेलं आणि सांगितलं, हे बघ, बाबांचं झाड. तिनं खाली बसून त्या कोंबाला बोट लावलं.

मोठे बाबा आले. वाकले. एक पान तोडून चुरगाळलं, वास घेतला आणि आईकडे न बघता बोलले.

"हे पट्टीच्या खालून फुटलं आहे. जंबेरी आहे ही."

आणि अंगठ्यानं तो कोंब मोडून टाकला. असा कोंब ठेवत नाहीत, रोपाची सगळी ताकद तोच खातो.

मग एकेक पट्टी सोडली. माझा पहिला डोळा काळा. दुसरा काळा. बोट लावलं की गळून पडायचा. नऊच्या नऊ.

"तेल लावलं होतं का गा?" मोठ्या बाबांनी विचारलं.

मी दुखावलो. म्हणालो, मोठे बाबा, त्या वेळी चार दिवस डोक्याला थेंब लावला नव्हता.

त्यांनी माझ्या कमरेचा चाकू काढला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहिलं. "अन् याले?"



"मशीनचं तेल आहे ते," आई म्हणाली. "महिना झाला, मी बाटली शोधून राहिली."

राहिल्या दोन पट्ट्या, अर्ध्या ब्लेडच्या. मोठ्या बाबांनी त्या अगदी हळू सोडल्या. दोन्ही डोळे हिरवे होते. टपोरे, जिवंत. आईनं विचारलं, "फळं आंबटच येतीन ना भाऊजी?"

"आंबटच येतीन."

"मंग बरं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मला कलमाच्या रोपांना हात लावायची मनाई आहे. माझी बदली झाली जंबेरीच्या फळांवर. ती कापायची आणि पुढच्या रोपांसाठी बिया काढायच्या. हे काम कुणालाही बिघडवता येत नाही, असं मोठ्या बाबांचं मत आहे. मी दुपारभर माझ्याच चाकूनं टोपलीभर जंबेऱ्या कापल्या. आई शेजारी बसून बिया धूत होती. आंबट रसानं पातं आधी निळसर झालं, मग करडं, आणि दिवस कलता कलता काळंभोर. घासलं, निघेना. पुसलं, निघेना. पण हात फिरवला तर काचेसारखं गुळगुळीत.

मोठे बाबा टोपली उचलायला आले. त्यांनी चाकू हातात घेतला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"पयले असाच काळा होता ना गा हा?"

मी म्हणालो, हो.

"मंग इतके दिवस तू काय करून राहिला होता?"