जांभळ्या घेवड्याचा पहिला तोडा

“वरची पोरगी शेंगांना रंग लावते,” खालच्या काकू फाटकाशी भाजीवालीला सांगत होत्या.

“व्हय? मग मी काय भेंडीला हिरवा लावते का?” भाजीवाली हसली.

“हसू नकोस. शिजवल्या तर सगळा रंग पाण्यात उतरला की! टाकूनच दिल्या मी. घरात नात आहे माझी, दोन वर्षांची.”

पाण्याचा दिवस होता. मी रिकाम्या बादल्या घेऊन जिना उतरत होते, ती वळणावरच थांबले.

घर काका-काकूंचं. आम्ही वरच्या मजल्यावर भाडेकरू. त्याच्याही वरची गच्ची त्यांचीच, पण दोन वर्षांपूर्वी आईनं विचारलं तेव्हा काका “लाव की” म्हणाले, आणि मी रंगाच्या रिकाम्या डब्यांत माती भरली. अंड्याएवढी पांढरी वांगी, पिवळे टोमॅटो, आधी काळी असून मग लाल होणारी मिरची. यंदा पहिल्यांदाच जांभळा घेवडा लावला होता. लॅपटॉप उघडण्याआधीचा सकाळचा एक तास मी तिथं असते. त्या तासात कोणी काही विचारत नाही.

घेवड्याचा पहिला तोडा गेल्या आठवड्यात निघाला. अर्ध्या शेंगा आम्ही केल्या. कढईत जांभळा रंग बघता बघता गेला आणि ताटात साधी हिरवी भाजी आली. बियांच्या पाकिटावर तसं लिहिलेलंच होतं. उरलेल्या शेंगा खाली दे, गच्ची त्यांची आहे, असं आई म्हणाली. मी पिशवी त्यांच्या कडीला अडकवली आणि बेल न वाजवता वर आले. बेल वाजवली असती तर बसावं लागलं असतं, चहा घ्यावा लागला असता, आणि मराठी बोलताना मध्येच इंग्रजी शब्द आला की काकू हसतात तसं हसल्या असत्या.

आता काका बाहेर आले. त्यांची सगळी नोकरी चादरींच्या कारखान्यात डाइंगला, म्हणजे सूत रंगवण्यात, गेली. त्यांच्या घरी अजूनही नवा टॉवेल वापरायला काढण्याआधी ओलं पांढरं फडकं घासून बघतात. शेंगांवरही त्यांनी ते घासलं होतं.

“फडक्याला काहीच लागलं नाही,” ते भाजीवालीला म्हणाले. “गार पाण्यात टिकतो, गरम पाण्यात जातो. रंग कच्चा आहे, पण लावणारी हुशार आहे. एक डाग नाही कुठं.”

“तुम्ही कौतुक कसलं करताय?” काकू चिडल्या. “आपल्या गच्चीवर असले उद्योग नकोत. कुंड्या खाली घ्यायला सांगा तिला. आजच.”

“सांगतो,” काका म्हणाले. चेष्टा संपली होती.

तेवढ्यात भाजीवालीला मी दिसले. तिनं मान खाली घातली आणि आधीच नीट लावलेली मेथी पुन्हा लावायला घेतली. काकूंनी वळून पाहिलं.

एरवी मी वर गेले असते. संध्याकाळी आई खाली गेली असती, सॉरी म्हणाली असती, कदाचित कुंड्या राहिल्याही असत्या. पण मी त्यांच्या नातीला रंग खायला घातला, हे काकूंच्या मनातून गेलं नसतं. आणि त्यांचं तरी काय चुकलं होतं? जन्मभर रंगात काम केलेल्या घरात, न सांगता ठेवलेल्या पिशवीतली शेंग पाण्यात रंग सोडते, तर दुसरं काय वाटणार?

मी बादल्या पायरीवर ठेवल्या. आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला.

“काकू, शिजवल्यावर तो रंग जातो, हे मला माहीत होतं. सांगायला हवं होतं, माझं चुकलं. पण मी तो लावलेला नाही. आत्ता वर चला. फुलातून नुकत्याच निघालेल्या शेंगा आहेत, नखाएवढ्या. त्यासुद्धा जांभळ्याच आहेत.”