मागच्या सीटवरचे सत्तेचाळीस किलो

आई माझ्याकडे गुरुग्रामला आली होती ती दोन महिने राहायला. नवव्या दिवशी तिने परतीचं तिकीट काढायला सांगितलं. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुझी गाडी. तिच्यात बसलं की कंबरेचे तुकडे होतात. डॉक्टरकडे जायचं म्हटलं तरी धडकी भरते मला. आधी तिचं काहीतरी कर, मग येते."

मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. बाबा गेल्यापासून तीन वर्षं मी तिला पुण्याहून इकडे कायमची ये म्हणून विनवत होतो आणि ती दर वेळी विषय बदलत होती. आता निदान अट तरी घातली होती, आणि अट अशी की जी पाना घेऊन पुरी करता येईल. माझं लग्न टिकलं नाही, चौदाव्या मजल्यावरच्या तीन खोल्यांपैकी दोन बंदच असतात, यातलं काहीच पान्याने दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. गाडी होती.

गाडी बारा वर्षांची. प्रत्येक स्पीडब्रेकरवर मागून खाडकन आवाज यायचा. सेक्टरच्या मार्केटमागे एक मेकॅनिक बसतो, त्याला दाखवली. त्याने मागची डावी बाजू दोन्ही हातांनी दाबली, सोडली, ती कितीतरी वेळ डुलत राहिली. "शॉकर तो गए, स्प्रिंग भी बैठ गई," तो म्हणाला. "डिक्की में क्या ढोते हो साहब, लोहे का सरिया?"

मी डिकी उघडली. आत सहा खोकी. "किताबें हैं," मी म्हटलं.

"किसकी?"

"पिताजी की."

त्याने एका खोक्याचं झाकण उचललं, वरच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरच्या बाईकडे पाहिलं आणि झाकण अदबीने परत लावलं. मग म्हणाला, "तीन साल में पंद्रह पूरे, फिर कायदे से गाड़ी कबाड़ में कटने जाएगी. रहने दो इसे." मला राग आला. गाडीबद्दल बोलला म्हणून की खोक्यांकडे बघून बोलला म्हणून, ते आजही सांगता येणार नाही. मी म्हटलं, मैं खुद कर लूँगा.

त्या खोक्यांची हकिगत सांगायला हवी. बाबा दर दिवाळीला चार-पाच अंक विकत घ्यायचे आणि एकही टाकायचे नाहीत. ते गेल्यावर आई लहान फ्लॅटमध्ये राहायला गेली, तेव्हा तिने सरळ रद्दीवाल्याला बोलावलं. मी ऐन वेळी पोचलो आणि जिन्यात भांडलो. बाबांचे अंक रद्दीत म्हणजे काय? सगळी खोकी डिकीत घातली आणि दोन दिवस गाडी चालवत इकडे आणली. आणली ती आणली, पण वर काही नेली नाहीत. रोज वाटायचं, रविवारी नेऊ. खरं असं की वर नेली असती तर उघडावी लागली असती. तीन वर्षं मी बाबांचे अंक ऑफिसला नेत होतो आणि परत आणत होतो, आणि त्या नऊ दिवसांत आई त्यांना लागूनच्या मागच्या सीटवर बसून कंबर धरत होती. हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. रद्दीवाल्याला चार शिव्या घातल्या की आपण मोठे वाङ्मयप्रेमी, अशी आपली एक समजूत असते.

पुढचे स्प्रिंग घरी काढणं धोक्याचं, ते बळाने दाबून धरावे लागतात. मागचे सोपे. नवे स्प्रिंग आणि शॉकर मागवले, व्हिडिओ पाच वेळा पाहिला आणि एका रविवारी सकाळी बेसमेंटमध्ये चटई टाकली. शनिवार-रविवार काय करायचं हा प्रश्न मला एरवी बुधवारपासून पडतो. त्या आठवड्यात पडला नाही.

जॅक लावला तोच गार्ड आला. पन्नाशीचा माणूस, बिहारचा. "साहब, बेसमेंट में गाड़ी का काम अलाउड नहीं है."

"टायर बदल रहा हूँ," मी म्हटलं. शेजारी नवे स्प्रिंग पडले होते. त्याने ते पाहिले आणि आपली प्लॅस्टिकची खुर्ची ओढून जरा लांब बसला.

पहिल्या गंजलेल्या बोल्टाने नाकी नऊ आणले. तेल मारलं, थांबलो, पान्याला पाइप लावून लोंबकळलो. निघाला तेव्हा कोपराची सालं निघाली होती. मग चाकांना जोडणारा मागचा आडवा दांडा जॅकवर हळूहळू खाली घेतला आणि जुना स्प्रिंग अक्षरशः हातात आला. नव्याशेजारी उभा केला तर चांगला दोन बोटं बुटका. तसंच उजवीकडे. दुपारी दोनपर्यंत चारही वस्तू जागेवर होत्या, सगळे बोल्ट जीव खाऊन आवळले होते आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

व्हिडिओचा शेवट मी पाचही वेळा पाहिला नव्हता. तो आता पाहिला. त्यात सांगितलं होतं, गाडी हवेत असताना शॉकरचे खालचे बोल्ट कधीही पक्के आवळू नका. आतला रबर पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. चाकं जमिनीवर ठेवा, गाडीवर नेहमीचं वजन येऊ द्या, मग आवळा.

चाकांखाली फळ्या सारल्या, गाडी त्यांवर उतरवली, बोल्ट सैल केले. आणि नेहमीचं वजन या शब्दांवर अडलो. माझ्या गाडीतलं नेहमीचं वजन म्हणजे मी आणि लॅपटॉपची बॅग. पण हा सगळा खटाटोप ज्या माणसासाठी चालला होता ते मागे, डावीकडे बसायचं. डॉक्टरांच्या कागदावर तिचं वजन लिहिलेलं होतं. सत्तेचाळीस किलो.

गार्डला एव्हाना सगळं कळलं असावं. खुर्चीवरून म्हणाला, "मैं बैठ जाऊँ, साहब?"

"वज़न कितना है?"

"अस्सी होगा."

"ज़्यादा है," मी म्हटलं. तो हसला आणि गेटकडे निघून गेला. बसू द्यायला हवं होतं त्याला. दोन गोष्टी बोलला असता, मी ऐकल्या असत्या. पण त्या वेळी मला फक्त सत्तेचाळीस हवे होते.

मग वरून बाथरूममधला वजनकाटा आणला आणि डिकीतली खोकी एकेक करून त्यावर ठेवली. साडेअकरा. बारा. दहा. आपल्याकडे मोठ्या माणसाची ग्रंथतुला करतात, एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात पुस्तकं, समोर टाळ्या वाजवणारे लोक. मी बेसमेंटमध्ये चटईवर गुडघे टेकून आईची तुला करत होतो आणि ती पुण्यात बहुधा दुपारची झोपली होती. चार खोक्यांचं मिळून वजन सत्तेचाळीसच्या जरा वर गेलं, म्हणून तीन अंक काढून घेतले. त्यातला एक चाळला. शेवटी वर्षाचं राशिभविष्य होतं आणि माझ्या राशीखाली पेन्सिलने रेघ मारलेली. रेघ आईची, बाबा पेन्सिल वापरायचे नाहीत. 'नोकरीत बदल. विवाहयोग.' दुसरा उघडला. रेघ. विवाहयोग. तिसऱ्यातही. त्या वर्षी माझा घटस्फोट झाला होता. मी तिथेच बसून राहिलो, आणि रडलो म्हणायला हरकत नाही.

खोकी मागे डावीकडे रचली, घसरू नयेत म्हणून पट्टा लावला आणि बोल्ट आवळले. या वेळी नीट.

सोसायटीला फेरी मारली. सात स्पीडब्रेकर आहेत, सातही मोजून घेतले. गाडी वर गेली, खाली आली, आवाज नाही. आठव्यासाठी रस्त्यावर काढली. तिथेही नाही. गेटपाशी थांबून आईला फोन लावला.

"झाली गाडी," मी म्हटलं. "स्वतः केली. अगं, चहाचा कप धरून बसलीस तरी सांडणार नाही. पुढच्या महिन्यातलं तिकीट काढू?"

ती म्हणाली, "गाडीचं मी आपलं म्हटलं होतं रे."

"म्हणजे?"

"काहीतरी सांगायला हवं होतं ना. तू सकाळी आठला जायचास, रात्री आठला यायचास. मधे मी लिफ्टचा आवाज ऐकायचे. लिफ्ट थांबली की वाटायचं, आपल्याकडे कोणी आलं. नऊ दिवसांत एकदाही बेल वाजली नाही. तुला हे तोंडावर कसं सांगू? गाडीवर ढकललं." मग जरा थांबून तिने विचारलं, "तू कसा राहतोस रे तिथे?"

सवय होते, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "हो. त्याचीच मला भीती वाटली." मग जेवलास का, हात नीट धुतलेस का, असं विचारून तिने फोन ठेवला.

तिकीट मी काढलं नाही, तीही पुन्हा त्याबद्दल बोलली नाही. उरलेली दोन खोकी त्याच संध्याकाळी वर नेली, गार्डने एक उचललं. मागच्या सीटवरची चार मात्र तिथेच आहेत, पट्टा लावलेली. ऑफिसला जाताना स्पीडब्रेकर आला की अजूनही माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि मी आरशात मागे बघतो, तिला लागलं तर नाही ना.