दादाच्या नावेत हीटर बसवला तेव्हा

नागपूरच्या माणसाला उष्णतेबद्दल शिकवायला जाऊ नये. ती घरातून घालवायची कशी, हे आम्हाला पाळण्यातच कळतं. आमच्या नंदनवनच्या घरी दर उन्हाळ्यात कूलर मीच बसवते. जाळ्यांत नवी खस भरते, पंप तपासते आणि समोरचं दार उघडं ठेवते, नाहीतर घरात नुसती घुसमट होते. म्हणून दादाच्या नावेत हीटर बसवायचं ठरलं तेव्हा मिस्त्री कशाला, मी आहे ना, असं मी छाती ठोकून सांगितलं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. कुहीकडे धरणाच्या फुगवट्यावर त्याची छोटी फायबरची नाव असते. केबिनमध्ये तिघं जेमतेम मावतात. हिवाळ्यात तिथे हिमालय ओलांडून हंस येतात, डोक्यावर काळे पट्टे असलेले. नोकरीत असल्यापासून दादा पहाटे ते बघायला जायचा. मग त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला. थंड हवा लागली की छातीत शिट्टी वाजते आणि वाक्य अर्ध्यावर तुटतं. डॉक्टरांनी गारठ्यात जायला मनाई केली. वहिनीने तर नावेला सावनेरचं गिऱ्हाईकही शोधलं. दादा जेवेनासा झाला, तेव्हा कुठे तिने एक सवलत दिली. केबिन गरम झाली तर नाव ठेवायची, नाहीतर विकायची.

ट्रकच्या केबिनमध्ये लावतात तसला डिझेलचा हीटर आणला, लहान सूटकेसएवढा. त्यात डिझेल बंद डबीत जळतं आणि धूर वेगळ्या नळीने बाहेर जातो. त्या नळीसाठी नावेच्या कुशीला भोक पाडावं लागलं. पाण्यापासून बरंच वर होतं, तरी मी ड्रिल लावताच दादा पाठ फिरवून बसला. विषारी वायू झाला तर कोकलणारी डबीही टांगली, आणि जानेवारीतल्या एका पहाटे आम्ही तिघं पाण्यावर गेलो.

बटण दाबलं. पंप टकटक करू लागला आणि आत कुठेतरी घुरघुरत ज्योत धरली. खाली बर्फासारखं पाणी आणि वर हातभर डब्यात विस्तव. माझे हात आपोआप जोडले गेले.

पण केबिन काही तापेना. दादाला खोकला लागला. वहिनीने आपली शाल काढून त्याच्या छातीला गुंडाळली. "झालं समाधान?" एवढंच ती म्हणाली.

दादा इकडेतिकडे बघत होता. "तू खिडकी काहून उघडी ठेवली वं?"

"हवा खेळती नको का?"

"अन् हे दुसरं नळकांडं खिडकीतून बाहेर काढलं ते?"

"त्यातून हीटर ताजी हवा ओढते ना."

दादा खोकता खोकता हसायला लागला. "कूलर लावला वं तू. बाहेरच्या बदकायले तापवून राहिली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेरची हवा आत घ्यायची आणि समोरून सोडून द्यायची, हा कूलरचा धर्म मी हीटरला लावला होता. जित्याची खोड! धुराची नळी तशीच ठेवून हवेचं नळकांडं काढलं, केबिनमधलीच हवा पुन्हा पुन्हा तापेल असं केलं आणि खिडकी बोटभर फट ठेवून ओढून घेतली.

ऊब आधी पावलांशी आली. मांजरासारखी घोट्यांना घासत ती हळूहळू गुडघ्यांपर्यंत चढली. जन्मभर मी उन्हाला शिव्या दिल्या, आणि आता श्वास रोखून तिची वाट बघत होते. दादाचा खोकला थांबला. मग शिट्टीही थांबली.

तेवढ्यात हंस उतरले, थव्यामागून थवा.

"पहाडावरून येतात हे," दादा म्हणाला, "जिथं आपल्यासारख्याले दमच घेता येत नाही, तिथून." सगळं वाक्य त्याने न थांबता म्हटलं. वहिनीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

खिडकीची काच मात्र धूसर झाली होती. दादा तिला नाक लावून बसला होता, त्याच्याच श्वासाची वाफ तिच्यावर साचत होती. वहिनीने त्याच्या छातीवरची शाल सोडली आणि तिच्याच टोकाने काच पुसली. दादाने पुन्हा श्वास सोडला, काच पुन्हा झाकोळली.

"सावनेरवाल्याले नाही म्हणून सांगजा," वहिनी मला म्हणाली, आणि पुन्हा काच पुसू लागली.